हुपरीकर साहेबांचा एक शब्द

हुपरीकर साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्ट्रेचरवर आडवे पडलेले. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, छातीवर दोन्ही हात ठेवलेले आणि डोळे सताड उघडे. आमचा वॉर्डबॉय शंकर त्यांना गेटपासून ढकलत आणत होता. त्याला हसू आवरत नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बेलापूरकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी तेव्हा समाजसेविका होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. रस्ते रुंद होते आणि त्यांवर माणसं कमी होती. एकटा आलेला पेशंट दिसला की चौकशी करणं हे माझं काम.

"सोबत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"त्रास काय होतोय?"

"आतापर्यंत काही नाही. फक्त त्या रॅम्पवर कंबर मोडली." मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाई, तुम्ही या रुग्णालयाचं छत कधी बघितलंय का? आपण उभी माणसं, आपल्याला फरशी दिसते. पेशंटला छत दिसतं. बघा की जरा वर."

मी वर पाहिलं. जाळी लोंबत होती. बंद पडलेल्या ट्यूबलाइटमध्ये मेलेले किडे साठले होते.

"मी हुपरीकर," ते उठून बसत म्हणाले. "तुमच्या ट्रस्टनं मला प्रोग्रॅम मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणून नेमलंय. म्हणजे काय, ते मला अजून शंकरलासुद्धा समजावता आलेलं नाही."

ते काय, हे मला हळूहळू कळलं. औषध डॉक्टर देणार, सुई सिस्टर टोचणार, पैसे ट्रस्ट घालणार. पण हे सगळं कोणत्या गावात, कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या हातून पोचायचं, याची आखणी करायची आणि ती नीट चालते की नाही यावर नजर ठेवायची, हे साहेबांचं काम. मूळचे ते इंजिनियर. कोल्हापूरकडून नोकरीसाठी इकडे आले, तळोज्याला दोन-तीन कारखाने उभे केले, आणि पन्नाशीला आल्यावर एकाएकी त्यांना कारखान्यांचा कंटाळा आला. "तिथं काम अडलं की माल पडून राहतो," ते म्हणायचे. "इथं माणूस पडून राहतो. म्हटलं, इथं जरा उपयोग होईल."

'होईल' हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा. लस ठेवायला फ्रीज नाही? होईल. डॉक्टर गावात जायला तयार नाहीत? होईल, होईल. तो शब्द ते इतक्या सहज म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटायचं, झालंच. आणि बहुतेक वेळा ते व्हायचंही.

दुसरी सवय म्हणजे प्रश्न. तुम्ही काहीही सांगा, ते मान डोलवून विचारणार, "बरं, मग पुढे?" मी म्हणायचे, बाईला चिठ्ठी दिली. "मग पुढे?" ती औषधाच्या खिडकीवर गेली. "मग पुढे?" असं करत करत ती बाई घरी पोचून गोळी पाण्याबरोबर गिळेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. पहिल्यांदा राग यायचा. नंतर आम्हालाही ती सवय लागली.

नेरूळला सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता. दारावर पाटी: 'ग. रा. हुपरीकर, सल्लागार'. त्या पाटीने त्यांचा चांगलाच छळ केला. सोसायटीतले लोक समजायचे, हा माणूस सगळ्याच बाबतीत सल्ला देतो. एक गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले. मुलगा दुबईला, पगार भरपूर, द्यावी का? साहेबांनी त्यांना हाकललं नाही. चहा दिला आणि विचारलं, "बरं, मुलगी दुबईला गेली. मग पुढे?" गृहस्थ बोलत गेले, साहेब विचारत गेले, आणि चौथ्या-पाचव्या 'मग पुढे'ला गृहस्थांच्याच लक्षात आलं की मुलगा लग्नानंतर पुन्हा एकटाच दुबईला जाणार आहे आणि मुलगी त्याच्या आईवडिलांकडे साताऱ्याला राहणार आहे. स्थळ मोडलं. साहेबांच्या पत्नी, नलिनीवहिनी, हे सांगताना हसून हसून डोळे पुसायच्या. "फी मात्र शून्य हो!"

दिवाळ्याची गोष्ट तर माझ्यासमोरची. दिवाळे म्हणजे खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, आमच्या रुग्णालयापासून जवळच. तिथे आम्ही दर आठवड्याला सकाळी लसीकरणाला जायचो आणि रिकाम्या हातांनी परत यायचो. आमच्या डॉक्टरांचं मत ठरलेलं होतं, या लोकांना मुलांची काळजी नाही. साहेब एकदा आमच्याबरोबर आले. केंद्रात न बसता सुकत टाकलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून सरळ वस्तीत गेले. दारात एक म्हातारी बसली होती. ठसठशीत कुंकू, नाकात मोठी नथ, एक डोळा बारीक करून आमच्याकडे बघत होती. हिराबाय.

"मावशी, पोरं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"पोरा आयशींसंगती बाजारान," हिराबाय म्हणाली. "या टायमाला तुमचे इकरं कोन येनार? आमचा मावरा काय तुमचेसाठी थांबल? दुपारला ये. मंग आयशी बी घरान, पोरा बी घरान."

"मग सगळ्या येतील?"

"मी हाक मारतंय ना. नाय कशा येनार?"

पुढच्या आठवड्यापासून आम्ही दुपारी जाऊ लागलो, आणि हिराबाय रस्त्यात उभी राहून अशी काही हाक मारायची की होड्यांवरचे गडीसुद्धा वळून बघायचे. रांग लागली. साहेबांचा आणि तिचा स्नेह जमला तो तेव्हापासून. ती त्यांना 'साहेब' म्हणायची पण अरे-तुरे करायची. त्यांना मासे चालत नव्हते, यावर तिचा विश्वासच बसत नसे. "कोल्हापूरचा आनि मावरा खात नाय? तुजे आयशीने तुला काय घालून वारवला?"

हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते आहे. साहेबांचं नाव निघालं की त्या रुग्णालयातले जुने लोक एकदम शिबिराचीच गोष्ट काढतात, आणि मग त्या माणसाचं बाकीचं सगळं त्याखाली गाडलं जातं.

डोळ्यांचं शिबिर ही साहेबांचीच कल्पना. आसपासच्या गावांतून मोतीबिंदूने अधू झालेली म्हातारी माणसं खूप होती. त्यांची तपासणी करायची, बसने आणायचं, ऑपरेशन करून, राहायला ठेवून, पट्टी काढून परत सोडायचं. साहेबांनी दोन महिने खपून आखणी केली. त्यात त्यांनी स्वतः दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, दिवसाला ठरल्यापेक्षा जास्त ऑपरेशनं करायची नाहीत, कारण अवजारं वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक होऊन निघायला जो वेळ लागतो तो लागतोच. आणि दुसरं, ज्यांना एकच डोळा आहे त्यांना शिबिरात घ्यायचं नाही. त्यांना नंतर वेगळं, सावकाश. "त्यांच्या बाबतीत चूक झाली तर पुढे काहीच नाही," हे त्यांचंच वाक्य.

हिराबाय यायला तयार नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण तिला सुरीचं भय. साहेब तीनदा तिच्या दारात जाऊन बसले. शेवटी ती म्हणाली, "तू सांगतस म्हनून येतंय. दुसऱ्या कोनाचा मी ऐकला नसता."

शिबिराच्या दिवशी ट्रस्टच्या अध्यक्षांनी मोठे पाहुणे बोलावले होते. अध्यक्षांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. मांडव, हारतुरे, फोटोवाले. आणि बसमधून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं उतरली. तपासणी झालेले होते, न झालेले होते, शेजारी चालला म्हणून चढलेले होते. काही काठी टेकत, काही नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून.

"परत पाठवायचं?" भाऊसाहेब साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले. "पाहुण्यांसमोर? या म्हाताऱ्यांना? काही तरी करा हो. तुम्ही प्रोग्रॅमवाले ना!"

मी तिथेच होते. साहेबांनी त्या माणसांकडे पाहिलं. त्यात पावणे गावचे नारायण म्हात्रे होते. तळोज्याच्या कारखान्यात वॉचमन होते, तिथेच ॲसिड उडून त्यांचा एक डोळा गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू. त्यांनी साहेबांसमोर हात जोडले. "साहेब, परत नका धारू. सून कामावं जाते. पुन्ना कोन आननार मना?"

थिएटरच्या लीला सिस्टर दारात आल्या. घामाने कपाळ भिजलेलं. "सर, एवढे? अवजारांचं जमेल का?"

साहेबांनी एकदा म्हात्रेंकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे. आणि म्हणाले, "होईल."

त्या क्षणी मला तो शब्द दयाळू वाटला होता. त्यांनाही वाटला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढायला सुरुवात झाली. हिराबायच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी सोडली, दुसरा अजून झाकलेलाच होता, तेव्हा साहेब तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, हसत. डॉक्टर वाकले आणि वाकलेलेच राहिले. पापण्या सुजल्या होत्या. कापसाला पू लागला होता.

"सोरली का पट्टी?" हिराबायने विचारलं.

"हो, आजी."

"मंग खिरकी उघरा ना. कालोख कशाला करून ठेवलाव?"

खिडकी उघडीच होती. तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

शेजारच्या पलंगावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. म्हात्रेंचंही. धावाधाव झाली, गाड्या निघाल्या, सगळ्यांना मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. काहींचे डोळे वाचले. हिराबायचा तो डोळा गेला. म्हात्रेंचाही गेला, आणि त्यांना तो एकच होता.

साहेब त्या दिवसांत घरी जात होते की नाही, कोण जाणे. मी जेव्हा जेव्हा मुंबईला पेशंटना भेटायला गेले तेव्हा ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. आत जात नव्हते. कोणी नातेवाईक बाहेर आला की उठून उभे राहायचे. शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायचे. कोणी औषध आणायला सांगितलं तर आणून द्यायचे. हिराबायच्या मुलाने, पांडुरंगने, एकदा त्यांची कॉलर धरली. लोक सोडवायला धावले. साहेबांनी हात खालीच ठेवले होते. चष्मा पडला होता, तोही त्यांनी उचलला नाही. मीच उचलून दिला.

मग ट्रस्टची बैठक झाली. माझ्याकडे पेशंटची माहिती होती म्हणून मलाही बोलावलं होतं. बाहेर ओरड चालू झाली होती आणि कोणाचं तरी नाव देणं भाग होतं. भाऊसाहेबांनी ते ठरवलेलं होतं. लीला सिस्टरना तातडीने कामावरून काढायचं, अवजारांच्या स्वच्छतेत हयगय केली म्हणून. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

साहेब कोपऱ्यात बसले होते. एरवी बैठकीत सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तासभर गप्प होता. सिस्टरचं नाव आल्यावर ते उठले.

"सिस्टरनी मला दारात विचारलं होतं," ते म्हणाले. "जमेल का म्हणून. मी होईल म्हणालो."

"हुपरीकर, तुम्ही बसा," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्हाला कोणी काही विचारलंय का?"

"तेच चुकलं. सिस्टरनी विचारलं, पण मी स्वतःला विचारलं नाही. दिवसाचा आकडा मी ठरवला होता, तो मी मोडला. एका डोळ्याच्या माणसाला घ्यायचं नाही हे मी ठरवलं होतं, तेही मी मोडलं. या बाईंना काढणार असाल तर कारण काय सांगणार? त्यांनी विचारलं, म्हणून काढलं?"

"अहो, तुम्ही बाहेरचे सल्लागार. तुमच्यावर काही येत नाही. कशाला ओढवून घेता?"

"येत नाही, याचीच तर लाज वाटते," साहेब म्हणाले. मग ते खाली बसले आणि बैठक संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

सिस्टर वाचल्या. साहेबांचं काम मात्र काढून घेतलं गेलं. पुढे रीतसर चौकशी झाली, आणि तिच्यातून निघालं काय, तर नक्की काहीच नाही. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात जे पाणी सोडतात त्याच्या बाटल्याच आधीपासून दूषित असाव्यात, असा एक संशय होता. पण त्या खेपेतली एकही बाटली तपासायला उरली नव्हती. म्हणजे कदाचित ठरलेलीच ऑपरेशनं केली असती तरी तेच झालं असतं. कदाचित नसतं.

ही बातमी सांगायला मी मुद्दाम नेरूळला त्यांच्या घरी गेले. वाटलं, ऐकून त्यांचं ओझं उतरेल. दारावरची पाटी काढलेली होती, स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दोष माझा नसेलही," ते म्हणाले.

"हो ना! तेच म्हणतेय मी."

"दोष चौकशीवाले ठरवतील बाई. ते त्यांचं काम. पण मी होईल म्हणालो तेव्हा मला ठाऊक नव्हतं होईल का ते. तरी म्हणालो. पाहुणे बघत होते म्हणून म्हणालो, की त्या म्हात्रेंची दया आली म्हणून म्हणालो, तेही मला आता आठवत नाही. रोज आठवून बघतो."

नलिनीवहिनी चहा घेऊन आल्या. त्या पूर्वीसारख्या हसत नव्हत्या. साहेब आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं सकाळ-संध्याकाळ चाललंय. आरशात बघून दाढी करत नाहीत. माझ्या भाच्याच्या लग्नाला आले नाहीत, म्हणे मी कुठल्या तोंडाने चारचौघांत जेवू? मी यांना सांगते, लाजेचासुद्धा गर्व होतो हो माणसाला. डोळे त्यांचे गेले, आणि रडत तुम्ही बसलात. त्यांच्यासाठी काही करता येत असेल तर करा, नाही तर गप नोकरी धरा."

मला त्यांचं बोलणं कठोर वाटलं. पण साहेबांनी ते ऐकलं असावं, कारण थोड्याच दिवसांत त्यांनी दोन्ही केलं. पावण्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये देखरेखीची नोकरी धरली. पूर्वी असल्या मालकांना ते सल्ला द्यायचे, आता त्यांच्याकडे हजेरी लावू लागले. आणि सुटीच्या दिवशी त्या माणसांच्या घरी जायला लागले. कोणाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ठाण्याला न्यायचं, कोणाला पांढरी काठी आणून द्यायची, कोणाच्या उरलेल्या डोळ्याची तपासणी. ठाण्याच्या कचेरीत काम कधी होईल असं म्हाताऱ्यांनी विचारलं तर ते म्हणायचे, "विचारून बघतो." 'होईल' मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. एकदा बोलता बोलता तो शब्द ओठांवर आला आणि ते मध्येच थांबले. ठसका लागल्यासारखं करून पाणी प्यायले.

दिवाळ्याला मात्र त्यांचं पाऊल उचलत नव्हतं. हिराबायचा दुसरा डोळा मोतीबिंदूने झाकत चालला होता. ऑपरेशन नाही केलं तर ती पूर्ण आंधळी होणार, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. "पण मी कोणत्या तोंडानं सांगू?" ते म्हणायचे. "तिनं एकदा माझं ऐकलंय."

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. हिराबाय ओटीवर बसून चाचपडत सुकट निवडत होती. साहेब अंगणातच उभे राहिले. पांडुरंग घरातून बाहेर आला, त्याने पाहिलं, आणि तसाच आत निघून गेला.

"कोन हाय ताई तुजे संगती?" हिराबायने मला विचारलं. "बोलत का नाय?"

"हुपरीकर साहेब आहेत."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मना वाटला, तू मेलास. जित्ता माणूस असा तोंड लपवून बसतंय?"

साहेब मटकन खाली बसले, अंगणातल्या मातीत. "मावशी," एवढंच म्हणाले, आणि हुंदका फुटला. मी इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तिने त्यांना रडू दिलं. गप्प कर म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. मग सुकटीचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "दुसरा डोला मी कापून घेनार हाय. पोरगा नाय बोलतंय. मी घेनार. मना मावरा निवरता येत नाय, सून टोचून बोलते. पन तुजे त्या दवाखान्यान नाय. आनि तू येवाचा. माजे संगती बसाचा. पट्टी सोरतील तवा समोर उभा रावाचा. गेला तं तुजे तोंडावर गेला पायजे."

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात ते ऑपरेशन झालं. साहेब आदल्या दिवशीपासून तिच्या पलंगाशी होते. पट्टी सोडायच्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. फाशीचा निकाल ऐकायला उभा राहिलेला माणूस याहून निराळा दिसत नसेल. पट्टी निघाली. हिराबायने डोळा किलकिला केला, मिटला, परत उघडला. समोर पाहत राहिली.

"साहेब?"

"हां, मावशी."

"एवरा म्हातारा कवा झालास रे?"

डॉक्टर हसले, मी हसले, दाराशी उभा असलेला पांडुरंग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती ओरडली, "अरे उठ, बामना, मना पाप लागल!" ते बामण नव्हते, पण मासे न खाणारा माणूस तिच्या लेखी बामणच होता.

गोष्ट इथेच संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

दोनेक वर्षांनी माझ्या बदलीची वेळ आली. ट्रस्टच्या नाशिकच्या केंद्रात मला जायचं होतं. जाण्यापूर्वी भेटावं म्हणून मी नेरूळला गेले तर वहिनी म्हणाल्या, "रविवारी ते घरी कुठले? पावण्याला असतात. म्हात्र्यांकडे." आणि जरा थांबून, "जाऊन बघा. मी एकदा गेले होते. पुन्हा नाही गेले."

म्हात्रेंचं घर गावात, कारखान्यांच्या भिंतींना लागून. मी कोपऱ्यावर पोचले तेव्हा साहेब नुकतेच येत होते. पाठमोरे असल्याने त्यांनी मला पाहिलं नाही. ओटीखाली त्यांनी चपला काढल्या. म्हात्रे दाराच्या आत, उंबऱ्याला लागून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मान ताठ.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मी हुपरीकर. डोळ्यांच्या शिबिरात तुम्हाला आत घेतलं तो."

"वलखत नाय."

साहेब ओटीच्या कडेला बसले. आणलेलं वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. कारखान्यांच्या बातम्या, संपाच्या, पाणीपुरवठ्याच्या. म्हात्रे ऐकत होते की नव्हते, कळत नव्हतं. एकदाही त्यांनी मान हलवली नाही. सून पाण्याचा तांब्या ठेवून गेली. ती मला ओळखायची. बाहेर येऊन कुजबुजली, "दर रयवारी हाच चाललाय. मामा हर टायमाला इचारतान, कोन हाय. तो हर टायमाला सांगतंय. मामा बोलतान, वलखत नाय. आवाज वलखत नसतील काय? तरी बोलतान."

"आणि साहेब काही म्हणत नाहीत?"

"काय नाय. वाचतान नि जातान."

मला पुढे जाऊन साहेबांना हाक मारायची होती, निरोप घ्यायचा होता. जमलं नाही. तो त्या दोघांचा व्यवहार होता, आणि त्यात तिसऱ्याला जागा नव्हती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ऊन चढत गेलं. ओटीची सावली आक्रसत आक्रसत दाराकडे गेली आणि साहेबांच्या टकलावर, मानेवर, हातातल्या कागदावर ऊन पसरलं. ते तसेच वाचत राहिले. आवाज बसायला लागला होता. मध्ये एकदा थांबून त्यांनी मनगटाने कपाळ पुसलं.

तेवढ्यात म्हात्रेंनी हात लांबवर ताणून ओटीची फरशी चाचपली. ती तापली असावी. त्यांनी हात मागे घेतला.

"ऊन आला असंल तिकरं," ते म्हणाले. तोंड दुसरीकडेच होतं. "आत सरक जरा."

साहेबांचं वाचन थांबलं. ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच, खुरडत, थोडेसे आत सरकले. सावली जिथे सुरू होत होती तिथपर्यंतच. उंबऱ्यापर्यंत नाही. आणि खाली घातलेली मान वर न करता, सोडलेली ओळ शोधून पुढे वाचू लागले.